हातानं कट कर

त्यानं माझ्या पत्त्यांना हात लावला नाही. पट्टी लावली.

स्क्रीनगार्ड कापायची स्टीलची पट्टी असते ना मोबाईलच्या दुकानात, ती. काउंटरवरून उचलली, तिचं टोक माझ्या गठ्ठ्याच्या मधोमध खुपसलं आणि वरचे अर्धे पत्ते ढकलून बाजूला पाडले. मेलेला उंदीर ढकलतात तसे. मग पट्टी टिश्यूनं पुसली आणि तो टिश्यू माझ्या बाजूला टाकला.

म्हणाला, "झालं कट. कर सुरू."

टेबलाभोवती सात-आठ पोरं होती. एक जण फिसकन हसला. बाकीचे हसले नाहीत, पण सगळ्यांनी बघितलं आणि आपापल्या पत्त्यांत डोकं घातलं. आणि मी? मी पडलेले पत्ते गोळा केले, नीट लावले आणि खेळायला लागले. हो, खेळले. अख्खा डाव खेळले, आणि हरले पण. गोदामात मुकादमाला उलट बोलणारी मी. त्या दिवशी तोंडाला काय कुलूप लागलं होतं कोण जाणे.

आता पहिल्यापासून सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल पत्त्यांवरून एवढं काय रामायण.

दुकान भिवंडीत, कल्याण रोडच्या अंगाला. पुढे मोबाईलची कव्हरं, चार्जर, खेळणी. मागे काचेचं दार आणि एसीची खोली. रविवारी त्या खोलीत टेबलं मांडतात आणि पोरं पत्ते खेळतात. रमी नाही, तीनपत्ती नाही. राक्षस, योद्धे, जादूगार असले रंगीत पत्ते. प्रत्येकाचा गठ्ठा स्वतःचा, स्वतः जमवलेला, त्याला डेक म्हणतात. पत्ते बंद पाकिटात विकत मिळतात, आत काय निघेल ते नशीब. त्या पाकिटाची किंमत मी आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना सांगितली तेव्हा त्यांनी पाकिटाचा फोटो उलटसुलट बघितला आणि विचारलं, "यात खावाचं काय हाय?"

मला हा खेळ दुकानात नाही भेटला. गोदामात भेटला. मी दापोड्याला एका गोदामात रिटर्नवर आहे. होते. लोक घरबसल्या वस्तू मागवतात, मनात आलं की परत पाठवतात. परत आलेलं खोकं मी उघडायचं, बघायचं, स्कॅन करायचं. चांगलं असेल तर पुन्हा रॅकवर, फुटलेलं असेल तर भंगारात. त्यात ही पाकिटं यायची. पोरांनी फोडून, चांगले पत्ते काढून, उरलेले परत पाठवलेले. माझ्या शेजारच्या टेबलावर शबाना. तिचे अब्बू लूम, म्हणजे यंत्रमाग चालवतात. तिनंच मला पहिल्यांदा खेळ समजावला, फोनवर व्हिडिओ बघून शिकली होती. "देख, ये वाला मारता है, ये वाला बचाता है. समझी?" मी समजले. मला तर वेडच लागलं.

पण भंगारातला पत्तासुद्धा बाहेर न्यायचा नाही. सुटताना गेटवर झडती होते. बायकांना पडद्यामागे घेतात, खिसे, डबा, ओढणी, वेणीसुद्धा चाचपतात. मी एक पत्ता कधी बाहेर आणला नाही. डोक्यात आणले. स्कॅन करता करता बघायचे, नाव काय, ताकद किती, खाली काय लिहिलंय. घरी येऊन कागदावर काढायचे. नाव त्यांचं, ताकद त्यांची, चित्र माझं. आग ओकणारा राक्षस मला जमेना तर मी त्याला सायझिंगचा बॉयलर काढला, वर दोन डोळे आणि खाली पाय. शबाना हसून हसून लोळली.

सायझिंग म्हणजे काय ते भिवंडीत कुणाला सांगावं लागत नाही, बाहेरच्यांसाठी सांगते. सूत लूमवर चढायच्या आधी खळीतून काढतात. त्यानं धागा कडक होतो आणि लूमवर तुटत नाही. ही खळ मोठ्या टाकीत वाफेवर शिजवतात. मक्याचं पीठ, चिंचोक्याचं पीठ आणि चरबी. माझे आबा ती खळ शिजवतात. मी शाळेत होते तेव्हापासून त्यांच्या कपड्यांना तोच वास आहे, आंबूस, गरम. मला तो घराचा वास वाटायचा.

आमच्याकडे लूमची सुट्टी शुक्रवारी. गुरुवारी टाकीच्या तळाशी उरलेली खळ आबा डब्यात घालून आणायचे. शुक्रवारी मी ड्युटीवरून आले की आम्ही दोघं बसायचो. तीन कागद एकावर एक, मध्ये खळ, वर पाट, पाटावर पाण्यानं भरलेला हंडा. दुसऱ्या दिवशी कापायचे. असले कडक पत्ते व्हायचे की बोटानं टिचकी मारली की वाजायचे. आबा खूष. म्हणायचे, "लूमवर चढवलास ना, तरी न्हाय तुटनार." आई धाकट्या भावाला घेऊन पडघ्याकडच्या गावी असते, आम्ही दोघंच इथं कामासाठी. शुक्रवारची ती संध्याकाळ आमची दोघांची होती. आबा आणि मी एरवी कशावर बोलणार?

आता दुकान कुणाचं ते ऐका. दुकान रोहनदादाचं. रोहनदादा म्हणजे मोठ्या शेठचा धाकटा मुलगा. मोठे शेठ म्हणजे ज्यांच्या जमिनीवर आमचं गोदाम उभं आहे ते. गोदामाला माणसं पुरवायचा ठेका त्यांचाच. आणि आम्ही राहतो ती चाळ पण त्यांचीच. गळ्यातला पास त्यांचा, डोक्यावरचा पत्रा त्यांचा. आणि मी मूर्ख, रविवारी जरा मोकळं वाटावं म्हणून गेले ते पण त्यांच्याच दुकानात.

पहिल्यांदा गेले तेव्हा दारातच विचारलं, "दादा, घरचे पत्ते चालतील?"

रोहनदादानं बघितले. बॉयलर बघून हसला. म्हणाला, "भारी आहे गं हे. चालतील. फक्त पाठी सगळ्या सारख्या पाहिजेत. गंमत म्हणून खेळ." आणि माझा फोटो काढून दुकानाच्या पेजवर टाकला. 'आपल्या गोदामातली मुलगी.' मला बरं वाटलं, खोटं का बोलू. शबाना दोनदा आली, मग तिच्या घरच्यांनी बंद केलं. मी जात राहिले. हरायचे जास्त, जिंकायचे कमी. पण तिथं मला कुणी टार्गेट विचारत नव्हतं. 'ए रिटर्नवाली' म्हणत नव्हतं. मी समोर बसले की समोरचा विचारात पडायचा. माझ्यामुळे कुणी विचारात पडतंय, हे मला नवीनच होतं.

या खेळात एक रीत आहे. डाव सुरू करायच्या आधी आपला डेक आपण पिसायचा आणि समोरच्याच्या पुढ्यात ठेवायचा. त्यानं तो कट करायचा, म्हणजे वरचे थोडे उचलून खाली घालायचे. तुझे पत्ते मी बघितले, तू लबाडी केली नाहीस, असा त्याचा अर्थ. कट झाल्याशिवाय डाव नाही. दुकानात भिंतीवर नियम लावलेत, त्यात हा वरचाच आहे. मला ही रीत फार आवडायची. मी तिचा एवढा विचार कधी केला नव्हता, पण आवडायची. किती पोरांनी माझा डेक उचलला असेल. हातानं.

मग एका रविवारी अथर्व समोर आला. कल्याणला इंजिनीअरिंगला आहे. गोड बोलणारा, उठता बसता सॉरी, थँक्यू. एका हातात चिकन रोल, दुसऱ्या हातात माझा पत्ता.

"कसला कडक आहे यार. प्रिंट कुठे केलास?"

"घरी केलाय."

"घरी? कसा?"

आणि मी सांगत सुटले. कुणी कौतुकानं विचारलं की माणूस फुगतो, तसं झालं माझं. आबा सायझिंगला आहेत, खळ आणतात, हंडा ठेवतो, सगळं सांगितलं. खळीत काय असतं म्हणाला, तर तेही सांगितलं. पीठ, चिंचोके, चरबी.

"चरबी? म्हणजे जनावराची?"

"हो मग! त्यानंच तर धागा घासत नाही."

आमच्या घरात चरबी हा शब्द मिठासारखा बोलतात. टाकीत चरबी टाकली का, आज चरबी कमी आली. तो लपवायचा शब्द आहे हे मला कोण सांगणार? सायझिंगवाल्याच्या पोरीला नाही सुचायचं ते.

त्यानं पत्ता टेबलावर टाकला. बोटं पँटला पुसली. ओठाला रोलमधलं मेयोनीज लागलेलं होतं, ते तसंच. मग विचारलं, "पूर्ण नाव काय तुझं?"

मी सांगितलं. माझं, आबांचं, आडनाव.

"अच्छा," म्हणाला.

बस, तेवढंच. आणि पट्टी उचलली.

नंतर रोहनदादा आला आणि माझ्या बाजूला टेबलावर पेपर अंथरून गेला. "टेबल नवीन आहे गं, राग नको मानू." मी म्हटलं, "नाही दादा." अजून आठवतंय, मी 'नाही दादा' म्हटलं ते. बाकी पोरांसमोर नुसतं टेबल, माझ्यासमोर पेपर.

घरी जाऊन आबांना काही बोलले नाही. हात धुतले, पुन्हा धुतले. डेक उशाशी असायचा तो उचलून पत्र्याच्या पेटीत टाकला. मला माझ्याच पत्त्यांचा वास यायला लागला होता. आबा कामावरून आले तर त्यांचा पण यायला लागला. संताप यायचा, पण कुणावर तेच कळेना. मग मी ठरवलं, नको ते दुकान. सोडून द्यायचं. संपलं.

पण सोडू कोण देतंय? पुढचा रविवार मी गेले नाही, तर सोमवारी गेटवर मुकादमानं अडवलं.

"काय गं, रोहनदादा विचारत होते. काल का नाय गेलीस?"

"बरं नव्हतं."

"बरी राहा. दुकानाचा वाढदिवस हाय पुढच्या रविवारी. व्हिडिओवाला येणार. तुला बसवायची हाय त्या कॉलेजवाल्याच्या समोर." मग माझ्या गळ्यातल्या पासला बोट लावून म्हणाला, "दादाला नाय म्हणून चालतं का?"

शबानाला सांगितलं. आधी म्हणाली, "मत जा. साफ मना कर दे." मग स्कॅनर हातात तसाच धरून थांबली. "पर तेरा पास?" मी पुढचं खोकं ओढलं. तिनंही. खोकी येतच होती समोरून.

बघा कशी अडकले. बसायला गेले तर पेपर आणि पट्टी. नाही गेले तर पास. गंमत म्हणून सुरू केलेल्या खेळाची माझ्यावर ड्युटी लागली.

मग मी काय केलं? भांडले? छे. मी नवीन पत्ते केले. दोष खळीचा आहे ना, मग खळच बदलू. शुक्रवारी मैदा आणला, गॅसवर पाण्यात शिजवला. आबांनी नेहमीसारखा आदल्या दिवशी आणलेला डबा पुढे केला. मी म्हटलं, "ती नको आबा."

"का गो? खळीला काय झालं?"

"वास येतो."

आबांनी डबा खाली ठेवला. थोड्या वेळानं बघते तर स्वतःचा हात नाकाशी नेऊन वास घेत होते. पोळलेला हात, वाफेचे डाग असलेला. मला रडूच फुटलं. मोरीत जाऊन नळ सोडून रडले. एवढ्या वर्षांत त्या माणसानं स्वतःच्या हाताचा वास घेतला नव्हता, तो मी घ्यायला लावला.

मैद्याचे पत्ते काय धड झाले नाहीत. मऊ, कडा वाकलेल्या. तरी घेऊन गेले. ओढणी इस्त्री केली, केसांना तेल लावलं. शरणच गेले म्हणा ना.

दुकान फुग्यांनी सजवलेलं. बाहेर रस्त्यावर खुर्च्या. आणि खुर्च्या कोण लावतंय, तर आबा. शेठच्या घरी काही कार्यक्रम असला की चाळीतल्या पुरुषांना बोलावणं जातं, त्याला कुणी नाही म्हणत नाही. आबा सायझिंगची अर्धी पाळी सोडून आले होते. मला बघून हसले. त्यांना वाटलं, पोरीचा आज मान आहे.

आत मधलं टेबल. दिव्याचा स्टँड, व्हिडिओवाला. रोहनदादा माईकवर बोलला की आमच्या दुकानात गोदामातली मुलगी आणि इंजिनीअर एका टेबलावर बसतात. टाळ्या पडल्या. माझ्या बाजूला या वेळी पेपर नव्हता, व्हिडिओत दिसलं असतं. अथर्व समोर बसला. मी डेक पिसला. त्याच्या पुढ्यात ठेवला आणि हळूच, त्याला एकट्यालाच ऐकू जाईल असं म्हटलं, "नवीन केलेत. मैद्याच्या खळीचे आहेत. चरबी नाही यात."

"हो का? छान," म्हणाला. हसला पण. अगदी गोड.

आणि मागे हात केला. कुणीतरी त्याच्या हातात पट्टी दिली.

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. खळ नव्हतीच ती. चरबी नव्हती, वास नव्हता, टेबल नवीन नव्हतं. चिकन रोल खाताना त्याला कुणाची चरबी आड आली नव्हती. मी मैदा काय, गंगेच्या पाण्यात पत्ते भिजवले असते तरी पट्टी आलीच असती. माझं आडनाव कुठल्या खळीनं जाणार होतं? आणि मी येडी, बापाला हाताचा वास घ्यायला लावून बसले.

पट्टी टेकणार तेवढ्यात मी डेक मागे ओढला. पुन्हा पिसला. पुन्हा ठेवला.

"हातानं कट कर."

त्याला ऐकू आलं, पण न आल्यासारखं केलं. पुन्हा पट्टी पुढे. मी डेकवर हात ठेवला.

"पट्टीनं नाही. हातानं."

रोहनदादा माईक खाली ठेवून आला. "काय झालं? चला ना पुढे."

"यानं कट नाही केला."

"अगं, करतोय ना तो. पट्टीनं काय, हातानं काय, एकच."

"पट्टी खेळत नाही, दादा. हा खेळतोय."

अथर्व म्हणाला, "हायजीनचा प्रश्न आहे. पर्सनली नको घेऊ."

"रोल धुऊन खातोस का?" मी म्हटलं. मागून कुणीतरी हसलं. या वेळी माझ्यावर नाही. अथर्व लाल झाला.

"ए, आवाज खाली," रोहनदादा म्हणाला. मग कॅमेऱ्याकडे पाठ करून माझ्याजवळ वाकला. गोड बोलणं संपलं होतं. "तूच कट कर स्वतःचा. मी सांगतोय, चालेल."

"नियम तुम्हीच लावलाय भिंतीवर."

"दुकान कुणाचं आहे?"

"तुमचं."

"पास कुणाचा?"

"तुमचा."

"राहतेस ती खोली?"

"तुमची."

"मग?"

"डेक माझा आहे," मी म्हटलं.

तो सरळ झाला. काचेच्या दाराकडे बघून ओरडला, "ओ, इकडे या. तुमच्या पोरीला समजवा."

आबा आले. दाराशी थांबले. वाकले आणि चप्पल काढली. त्या खोलीत पंचवीस जण बुटांनी उभे होते. माझ्या बापानं तेवढी चप्पल काढली आणि एसीच्या गार फरशीवर अनवाणी येऊन उभा राहिला.

"पोरी, नको गो," आबा म्हणाले. "घे तूच करून. काय बिगडतं? चल, घरी जाऊ."

अथर्वच्या पट्टीनं झालं नाही ते मला आबांच्या त्या बोलण्यानं झालं. उठले असते मी. खरंच उठले असते. पण नजर खाली होती आणि खाली त्यांचे पाय होते.

"आबा, चप्पल घाला," मी म्हटलं.

"काय?"

"चप्पल घाला आधी."

त्यांनी घातली नाही. मी उठले नाही. रोहनदादानं रेकॉर्डिंग बंद करायला लावलं. पोरांना पुढच्या भागात नेलं, केक तिथंच कापला. आतले दिवे बंद केले. मी टेबलाशी बसून राहिले, समोर डेक. आबा दाराशी उभे, चपलांकडे बघत. शटर ओढायची वेळ झाली तेव्हा आम्ही दोघं बाहेर पडलो. रस्त्यावरच्या खुर्च्या अजून तशाच होत्या. आबा त्या उचलायला वाकले. मी त्यांचा हात धरून ओढत घरी आणलं.

मला वाटलं होतं खूप हलकं वाटेल. कसलं काय.

सोमवारी गेटवर पास लावला तर लाल दिवा. मुकादम माझ्याकडे न बघता म्हणाला, "ब्लॉक हाय. घरी जा." शबाना आतल्या बाजूला उभी होती. हात वर केला तिनं, अर्धाच. नंतर तिचा मेसेज आला, मैं बोलूँ क्या ऑफिस में? मी म्हटलं, नको, तुझा पण पास जाईल. तिला धोक्यात घालून मला काय मिळणार होतं?

बुधवारी मोठ्या शेठनी बोलावलं. आबांना आणि मला. शेठ रोहनदादासारखे ओरडत नाहीत. फार हळू बोलतात. "पोरगी आपलीच आहे. रागात झालं. त्या मुलाची आणि रोहनची माफी माग, तो व्हिडिओवाला येईल, दोन मिनिटांचं काम. पास चालू करतो. नाहीतर खोली रिकामी करा." मग चष्मा पुसत म्हणाले, "आणि ते पत्ते गोदामातला माल बघून काढलेस ना? कंपनी ती चोरी धरते. केस झाली तर माझ्या हातात काही नाही." आबांनी हात जोडले. मी जोडले नाहीत. "शुक्रवारी या," शेठ म्हणाले.

घरी आबा भडकले. माझ्या उभ्या आयुष्यात असे भडकले नव्हते. "तुज्या पत्त्यांपायी घर चाललं! मी एवढी वरसं टाकी ढवळतंय, माजा हात कोन हातात घेतं गो? मी कवा बोललो काय?"

"नाही बोललात," मी म्हटलं. "म्हणून मला पण न बोलता बसायला जमलं त्या दिवशी. तुमच्याकडूनच शिकले."

ते लागलं त्यांना. लागणारच. ते जेवले नाहीत. आईला फोन केला तर आई म्हणते, गावाला या दोघं. गावात काय वेगळं आहे? इथं पट्टी तरी मध्ये धरतात. तिथं अजून आम्हाला बघून लांबूनच बोलतात. कुठे जायचं? गाव त्यांचं, चाळ यांची, गोदाम यांचं. जिकडे जाईन तिकडे दाराशी कुणीतरी आडनाव विचारायला बसलेलं.

पण मी आता स्वतःची समजूत घालणं बंद केलंय. मैदा शिजवणं बंद केलंय. मी कशानं चालेन, कुठल्या वासानं चालेन, किती हळू बोलले तर चालेन, हे शोधत बसणार नाही. मी काही नासवलेलं नाही. माझ्या बापाच्या हाताला कसलाही घाणेरडा वास नाही, कामाचा आहे तो, आणि कुणाला तो चालत नसेल तर तो त्याचा रोग आहे. त्याचं औषध मी करणार नाही.

व्हिडिओवाल्यानं बंद केलं तरी पोरांचे फोन चालू होते. एकानं गंमत म्हणून फिरवलाय तो तुकडा. पट्टी, माझा हात, आबांचे अनवाणी पाय, रोहनदादाचा 'पास कुणाचा', सगळं आहे त्यात. शबानानं मला पाठवला. लोक खाली हसताहेत. हसू दे. मी तो जपून ठेवलाय.

उद्या शुक्रवार. शेठच्या ऑफिसात आबा जातील, त्यांना मी अडवणार नाही. त्यांनी हात जोडले तर ते त्यांचे हात. मी जाणार नाही. मी पोलीस ठाण्यात जाणार. आमच्यासाठी कायदा आहे, तो कागदावर झोपलेला असतो हेही मला माहीत आहे. आधी बाहेर बाकड्यावर बसवतील. मग म्हणतील, पत्त्यांचं भांडण ना, मिटवून टाक. मग शेठचा फोन येईल. मग साहेब जेवायला गेलेत म्हणतील. चोरीची केस माझ्यावरच पडेल कदाचित. खोली जाईल, आबा कदाचित बोलणार नाहीत माझ्याशी.

तरी मी तक्रार देणार. पट्टीची, पेपरची, 'अच्छा'ची, पासची. जात लिहून, नावं लिहून. लिहून घेऊन माझ्या हातात शिक्क्याची प्रत देत नाहीत तोवर त्या बाकड्यावरून मला कुणी उठवून दाखवावं.